१०८९, १४८९ आणि एक गोड गैरसमज

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत इंजिनाचा आकडा कुलदैवतासारखा सांगितला जातो. फियाटवाल्याचे १०८९, अ‍ॅम्बॅसिडरवाल्याचे १४८९, मिनीवाल्याचे १२७५, जॅग्वारवाल्याचे ३.८. हाच का, असे विचारले की उत्तर ठरलेले. अकराशे सीसी शहराला नेमके, पंधराशेशिवाय घाटात दम नाही, त्याच्या वर गेले की गाडी पेट्रोल पिते. या उत्तरामागे एक समजूत आहे. सीसी वाढले की ताकद वाढते, कमी झाले की अ‍ॅव्हरेज वाढते आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी सुवर्णमध्य आहे. तो जाणत्या ड्रायव्हरांनी वर्षानुवर्षे गाडी चालवून शोधला आणि कारखान्यांनी त्यांचे ऐकले.

ही समजूत मला उथळ वाटते. घडले ते उलट. आकडा आधी आला, आवड नंतर. आकडा ठरवला करखात्याने, शर्यतीच्या नियमांनी आणि कारखान्यात आधीच बसवलेल्या यंत्रांनी. ड्रायव्हरला आवडली ती इंजिन, गिअर आणि गाडीचे वजन यांची जुळणी. शिवाय हे इंजिन आपल्या गावात कुणीही उघडून जोडून देईल ही खात्री. ही सगळी आवड मग एका आकड्याच्या खात्यावर जमा झाली. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

फियाट ११०० आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी यांच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८ मिलिमीटर. पिस्टनची खालीवर धाव, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर. एका सिलिंडरमध्ये पिस्टन साधारण २७२ घन सेंटिमीटर जागा झाडून काढतो. चार सिलिंडरचे मिळून १०८९. अ‍ॅम्बॅसिडरचे बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच, बेरीज १४८९.

यातून खात्रीने एवढेच कळते की इंजिन एका आवर्तनात जास्तीत जास्त किती हवा आत घेऊ शकेल. ती वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात किती हवा येते, हे व्हॉल्व्ह केवढे आहेत, कॅमशाफ्ट ते किती वेळ उघडे ठेवतो, कार्बोरेटर एक आहे की दोन, सायलेन्सरची वाट मोकळी आहे की कोंडलेली, यावर ठरते. आलेल्या हवेतून किती काम निघते ते कॉम्प्रेशनवर. आणि ते काम चाकापर्यंत कसे पोचते ते गिअरबॉक्सवर. सीसीच्या आकड्यात यातले काही म्हणता काही नसते.

गंमत म्हणजे जुन्या गाडीच्या बाबतीत तो आकडाही अनेकदा खरा उरलेला नसतो. सिलिंडर झिजले, निळा धूर येऊ लागला, ऑइल उडू लागले की ब्लॉक बोअरिंगला जातो. लेथवाला सिलिंडर थोडा मोठा करून देतो आणि ओव्हरसाइज पिस्टन बसतात. फियाटचे बोअर ६८ चे ६९ मिलिमीटर झाले तर गणित होते सुमारे ११२२ सीसी. अ‍ॅम्बॅसिडर चाळीस थाउने, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरने वाढली की १५३१. आरसी बुकात मात्र १०८९ आणि १४८९ च छापलेले. मालक त्या आकड्याची शपथ घेतो आणि बॉनेटखाली दुसराच आकडा फिरत असतो. तीस-चाळीस सीसी वाढल्याने गाडीचा स्वभाव बदलला असे कुणी म्हणत नाही. नव्या रिंगांमुळे आणि नीट बसवलेल्या व्हॉल्व्हमुळे गाडी ‘नवी झाली’ असेच म्हणतात, आणि ते खरे असते.

२. आकडा कुणी ठरवला

आता या आकड्यांची जन्मकथा पाहू. यातला सर्वांत मोठा कारागीर म्हणजे करखाते.

ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड कर होता. हे हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजायचे नसत, सूत्राने काढायचे असत: बोअर इंचात घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचे, अडीचने भागायचे. या सूत्रात स्ट्रोक कुठेच नाही. फोर्ड मॉडेल टीचे बोअर पावणेचार इंच. तिला बावीस-साडेबावीस हॉर्सपॉवर, म्हणजे तेवीस पौंड कर. १९२२ मध्ये आलेली ऑस्टिन सेव्हन आठ पौंडांत सुटे. इंग्लंडमधल्या प्रत्येक इंजिनियरला यातून एकच धडा मिळाला. व्यास लहान ठेवा, धाव लांब करा. सीसी वाढतील, कर वाढणार नाही. वीस-पंचवीस वर्षे ब्रिटिश इंजिने अशी उंच, सडपातळ झाली. १९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट दहा पौंड कर झाला आणि सूत्र गेले. पण कारखान्यातले साचे आणि सिलिंडर कोरणारी यंत्रे अर्थसंकल्पासरशी बदलत नाहीत. १९४७ ची ऑस्टिन ए-४० बाराशे सीसीची, स्ट्रोक साडेतीन इंच. तिच्याच वंशातले पुढचे बी-सिरीज इंजिन, तोच स्ट्रोक. तेच इंजिन उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये आले, साडेतीन इंचासकट. आपल्याकडे ज्याला अ‍ॅम्बॅसिडरचा खास भारतीय दम म्हणून वाखाणले गेले, त्याची लांबी लंडनच्या जुन्या कराच्या छायेत ठरलेली आहे.

इटलीत हीच गोष्ट जास्त नाटकी झाली. तिथे दोन हजार सीसीच्या वरच्या गाड्यांवर ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता. म्हणून १९८० मध्ये फेरारीने आपले आठ सिलिंडरचे इंजिन १९९१ सीसीपर्यंत आवळून २०८ काढली. ती फेरारी कुणा ड्रायव्हरच्या स्वप्नातून आलेली नव्हती. ताकद इतकी पडली की दोन वर्षांत टर्बो लावावा लागला. जपानमध्ये छोट्या ‘केई’ गाड्यांना कायद्याने आधी ३६० सीसी, १९७६ पासून ५५०, १९९० पासून ६६० ची मर्यादा. तिकडच्या रस्त्यावर सुझुकी आल्टो ५४३ सीसीची. तिचीच भावंडे परदेशात ७९६ सीसीची. १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे आलेली मारुती ८०० ही त्या भावंडांपैकी. शरीर जपानी कायद्याच्या मापाचे आणि इंजिन त्या कायद्यातून मोकळे झालेले. तिची चपळाई कुठून आली याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

दुसरा कारागीर शर्यत. मिनी कूपर एसची तीन इंजिने निघाली: ९७०, १०७१, १२७५. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. हजार, अकराशे आणि तेराशे सीसी या शर्यतींच्या वर्गांत बसायचे होते, प्रत्येक वेळी वरच्या रेषेच्या जेमतेम खाली. १९६४ ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने जिंकली ती १०७१ मध्ये, आणि आजही कित्येक जाणकार तिघांत तीच सर्वांत गोड फिरते असे सांगतात. अमेरिकेत शेव्हरोलेने १९६७ मध्ये ३२७ चे बोअर आणि २८३ चा स्ट्रोक एकत्र करून ३०२ घन इंचांचे इंजिन केले, कारण ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीची मर्यादा ३०५ होती. कॅमारो झेड-२८ चे ते ३०२ आज पूजले जाते.

तिसरा कारागीर आपल्या घरचा: परवाना राज. १९६० आणि ७० च्या दशकांत भारतात नवी गाडी घेणाऱ्यापुढे ताटात तीनच पदार्थ होते. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. त्यातही नाव नोंदवून वर्षे काढायची. ज्याला बाराशे हवे होते त्याने काय करायचे? जिथे निवडच नव्हती तिथे ‘ड्रायव्हरांनी निवडले’ हे म्हणणे टिकत नाही. १९६२ मध्ये इटलीतल्या फियाट ११००-डीला १२२१ सीसीचे इंजिन मिळाले. आपल्या फियाटमध्ये १०८९ च राहिले, आणि ते माप मुळात १९३७ च्या फियाटचे. म्हणजे मुंबईच्या टॅक्सीवाल्याने ‘नेमके’ ठरवलेले अकराशे हे त्याच्या जन्माआधीच ट्युरिनमध्ये ठरले होते, आणि त्याच ट्युरिनने पुढे ते बदलूनही टाकले.

३. कलकत्ता सपाट आहे

आकड्यावर भक्ती असणाऱ्यांसाठी एक साधी परीक्षा सुचवतो. घाटाला पंधराशे लागतात आणि शहराला अकराशे पुरतात, हे खरे असेल तर टॅक्सी कुठे कोणती असायला हवी होती? कलकत्त्याला घाट नावाला नाही. शहर परातीसारखे सपाट. मुंबईहून नाशिककडे, पुण्याकडे किंवा गोव्याकडे निघा, घाट समोर उभा. हिशेबाने कलकत्त्याने फियाट घ्यायची आणि मुंबईने अ‍ॅम्बॅसिडर. झाले नेमके उलटे. कलकत्त्याची टॅक्सी अ‍ॅम्बॅसिडर, मुंबईची फियाट, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून जाईपर्यंत.

मुंबईच्या वाहतुकीत लहान, हलकी गाडी सोयीची हे मान्य, पण कलकत्त्यातल्या गल्ल्या काही रुंद नाहीत. खरे कारण सीसीत नाही. कुर्ला मुंबईत आहे आणि उत्तरपाडा कलकत्त्याच्या शेजारी. जी गाडी जवळ बनते तिचा पार्ट जवळ मिळतो, तिचा मिस्त्री जवळ तयार होतो, तिचे गिऱ्हाईक जवळ असते. ऑपेरा हाउसच्या पार्टबाजारात गेले की क्लचप्लेट तासात हातात पडणार, हे ठाऊक असलेला टॅक्सीवाला सीसीचा विचार कशाला करील? ज्याची रोजी गाडी उभी राहिल्यावर बुडते त्याच्या लेखी ‘चांगले इंजिन’ म्हणजे संध्याकाळपर्यंत परत चालू होणारे इंजिन.

अमेरिकेतल्या ३५० घन इंचांच्या शेव्हरोले इंजिनाची कहाणी वेगळी नाही. १९५५ मध्ये २६५ वर सुरू झालेले ते कुटुंब २८३, ३२७ असे वाढत १९६७ मध्ये ३५० वर पोचले आणि पुढे कित्येक दशके निघत राहिले. आज जुन्या गाडीत बसवायला सर्वांत जास्त मागणी त्याला. त्याच कुटुंबातल्या ३२७ ला फिरण्यात जास्त मोकळे म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ३५० चे पिस्टन, हेड, कॅम कुठल्याही गावात मिळतात. आणि ३५० म्हणजे तरी कोणते? १९७० च्या कॉर्व्हेटमधले एलटी-१ कागदावर ३७० हॉर्सपॉवरचे, १९७५ च्या कॉर्व्हेटमधले साधे ३५० अवघे १६५ चे. मधल्या काळात मोजण्याची पद्धत कडक झाली, हा हिशेब वजा केला तरी दरी मोठीच राहते. कॉम्प्रेशन उतरले, प्रदूषणाचे नियम आले. आकडा जागच्या जागी.

४. एकच आकडा, दोन स्वभाव

माझ्या मते हा पुरावा सगळ्यांत बळकट आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

१९५५ मध्ये इंग्लंडात एमजीए ही उघड्या छताची दोन सीटांची स्पोर्ट्स कार आली. इंजिन कोणते? १४८९ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ८८.९. तंतोतंत अ‍ॅम्बॅसिडरचे माप, कारण तेही बी-सिरीजच. एमजीएत त्याला दोन एसयू कार्बोरेटर, जास्त कॉम्प्रेशन, वेगळा कॅम. ताकद सुरुवातीला ६८ हॉर्सपॉवर, ती मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये तेच इंजिन इथल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला जुळवून घेतलेले, एका कार्बोरेटरवर, पन्नासच्या आगेमागे हॉर्सपॉवरचे, आणि चार-साडेचार हजारांच्या वर त्याला ओरबाडण्यात अर्थ नाही. एका आकड्यात एक लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी आणि एक शनिवारी सकाळी टेकड्यांवर फिरायची गाडी. आवडता सीसी १४८९ असे म्हणणाऱ्याने यांतली कोणती हे आधी सांगावे.

फियाटचे त्याहून टोकाचे. १०८९ च्या त्याच इंजिनावर आधारलेली सिसिटालिया २०२ घेऊन ताझिओ नुवोलारी १९४७ च्या मिले मिलियात दुसरा आला. पहिली आली ती २.९ लिटरची अल्फा रोमिओ. सिसिटालिया २०२ आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. दादर टीटीला एकेकाळी उभ्या असणाऱ्या टॅक्सीचे आणि संग्रहालयातल्या त्या लाल गाडीचे इंजिन एका रक्ताचे.

आणि मिनी कूपरमधले हे उदाहरण तर केवळ एका सीसीचे. १९६१ ची कूपर ९९७ सीसीची, १९६४ ची ९९८. दोन्हींची ताकद कागदावर ५५ हॉर्सपॉवर. पण पहिल्याचा स्ट्रोक ८१ मिलिमीटरच्या वर, दुसऱ्याचा ७६. पहिल्याचे बोअर लहान, दुसऱ्याचे मोठे. ९९८ जास्त गुळगुळीत, जास्त टिकाऊ आणि खालच्या फेऱ्यांत जास्त मन लावून ओढणारे ठरले. एका सीसीने हे होत नसते.

इथे गॅरेजमधल्या एका लाडक्या सूत्राचाही समाचार घ्यावा लागेल: ‘लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क.’ अर्धेच खरे आहे. धाव लांब केली की क्रँकचा दांडा लांब होतो हे बरोबर; पण सीसी तेवढेच ठेवायचे तर पिस्टनचे तोंड लहान होते आणि त्यावरचा दाब पेलणारे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटते. जमा-खर्च बरोबर. शिवाय ९९७ चा स्ट्रोक जास्त लांब असून खालची ओढ ९९८ ची चांगली, हे आपण आत्ताच पाहिले. फरक पडतो तो दोन जागी. बोअर लहान तर व्हॉल्व्ह लहान, म्हणून वेगात श्वास अपुरा पडतो. आणि धाव लांब तर पिस्टनला दर फेरीत जास्त अंतर कापावे लागते. पाच हजार फेऱ्यांना अ‍ॅम्बॅसिडरच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.८ मीटर येतो, फियाटचा १२.५. फियाटचा पिस्टन अ‍ॅम्बॅसिडरइतका दमायला जवळजवळ ५९०० फेऱ्या लागतात. म्हणून लांब धावेचे इंजिन मुळातच खालच्या फेऱ्यांसाठी जुळवले जाते. खालून ओढणे हा त्या जुळवण्याचा गुण आहे.

चाकामागे बसलेल्याला हे कसे जाणवते? खंडाळ्याचा जुना घाट घ्या. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये आत सहा माणसे, कॅरिअरवर होल्डॉल. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा तिसऱ्यात आहे, गाडी पुटपुटत चढते आहे, आणि वळण आले तरी ड्रायव्हरचा हात दांड्याकडे जात नाही. मागून फियाट येते. तिचा ड्रायव्हर वळणाआधीच सेकंड टाकतो, आवाज वर चढतो, पाय दाबून ठेवतो, वळण संपले की पुन्हा थर्ड. दोघेही खंडाळ्याला पोचतात. एक म्हणतो ‘माझी गाडी दमदार’, दुसरा म्हणतो ‘माझी चपळ’. दोघांनी आपापल्या हाताच्या आणि कानाच्या सवयीचे वर्णन केले आहे. सीसी त्या सवयीच्या अनेक कारणांपैकी एक.

५. मोठे म्हणजे बरे, लहान म्हणजे गोड: दोन्ही अपुरे

जॅग्वार ई-टाइपचा वाद यात सर्वांत बोधप्रद आहे. १९६१ ची गाडी ३.८ लिटरची, १९६४ च्या अखेरीस ४.२ आली. स्ट्रोक तोच १०६ मिलिमीटर. बोअर ८७ वरून ९२ च्या वर नेले. ब्लॉकची लांबी न वाढवता ते बसवायचे म्हणून कडेचे सिलिंडर बाहेर सरकवले, मधले जवळ आणले. वरचे हेड मात्र जुन्याच अंतराचे, त्यामुळे ज्वलनकक्ष आणि सिलिंडर नेमके एकाखाली एक येत नाहीत. कंपनीने सांगितलेली ताकद दोन्हींची सारखीच, २६५ हॉर्सपॉवर. टॉर्क २६० वरून २८३ पौंड-फूट झाला.

शौकिनांचे दोन तट पडले. ३.८ जास्त खुलून फिरते म्हणणारे एकीकडे, ४.२ जास्त सुखाची म्हणणारे दुसरीकडे. पण ४.२ बरोबर आणखी काय आले ते पाहा. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे फेऱ्या जुळवून गिअर सहज पाडणारी योजना, नसलेली, हळू आणि हट्टी जुनी मॉस गिअरबॉक्स गेली. चारही गिअरना सिंक्रो असलेली नवी आली. सीट सुधारल्या, ब्रेक सुधारले. ४.२ चालवणारा माणूस सिग्नलवरून सुटताना दात खाणारा गिअर न ऐकता निघतो आणि श्रेय देतो जादा सीसींना. मला विचाराल तर त्याने गिअरबॉक्सचे आभार मानावेत.

आपल्याकडच्या कॉन्टेसाची गोष्ट याच जातीची. १९८४ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात तेच १४८९ चे इंजिन, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि अंगाने ती अ‍ॅम्बॅसिडरहून मोठी. रुबाब मोठा, पळ काढायची वेळ आली की पंचाईत. मग इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले, सुमारे ८८ हॉर्सपॉवर, आणि गाडीचा पुनर्जन्म झाला. सीसीचे भक्त हे उदाहरण हमखास देतात. ३२८ सीसी, म्हणजे २२ टक्के वाढ; ताकद मात्र सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांनी वाढली. ही जास्तीची ताकद आली कुठून? इसुझूचे बोअर ८४, स्ट्रोक ८२. व्यास धावेपेक्षा मोठा. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये. पाच गिअरची पेटी. एका पिढीने धाकटे इंजिन होते ते. त्याच इसुझूने सीसी न वाढवता दीड लिटरचे दिले असते तरी कॉन्टेसा बरीच सुटली असती.

आणि मारुती ८००? ७९६ सीसी, चाळिसाच्या आतबाहेर हॉर्सपॉवर, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. एका टनामागे साठ हॉर्सपॉवर पडले. अकराशे किलोंच्या पुढची अ‍ॅम्बॅसिडर याच हिशेबाने पंचेचाळिशीत अडकते. अर्ध्याच्या जवळपास सीसी असलेली गाडी सिग्नलवर पुढे का निघून जाते, याचे १९८४ मध्ये अनेक अ‍ॅम्बॅसिडरवाल्यांना आश्चर्य वाटले. भागाकार केला असता तर वाटले नसते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: ‘सीसीला पर्याय नाही, हे अमेरिकन लोक उगीच म्हणत नाहीत.’ यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांत एका लिटरमागे मिळणारा टॉर्क फार कमी-जास्त होत नाही. त्यामुळे न ओरडता, खालच्या फेऱ्यांत मोठे वजन ओढायचे तर सीसी हवेतच. पाच लिटरचे अमेरिकन इंजिन जे दीड हजार फेऱ्यांना करते ते १०८९ ला कितीही दोन कार्बोरेटर लावले तरी जमणार नाही. पण यातून ‘जास्त सीसीत आळशी सुख जास्त’ एवढेच सिद्ध होते. अमुक एक आकडा आवडीचा का, हे सिद्ध होत नाही. सीसी हेच कारण असते तर शौकिनांनी नेहमी यादीतला सर्वांत मोठा आकडा मागितला असता, ३.८ ला, १०७१ ला, ३२७ ला निष्ठावंत मिळालेच नसते.

दुसरा आक्षेप: ‘ड्रायव्हरला बोअर-स्ट्रोक कुठे कळतो? त्याला आकडा कळतो, म्हणून आवडही आकड्याचीच.’ उलट आहे. ड्रायव्हरला घाटात किती वेळा गिअर बदलावा लागला, सकाळी चोक ओढून किती वेळ थांबावे लागले, मे महिन्यात रेडिएटर कुठे उकळला, गिअर पडताना दांडा कसा आला, हे शरीराने कळते. ते सांगायला सोपा शब्द नाही, म्हणून तो आकडा सांगतो. नावाने सांगितलेली आवड नावाचीच आहे असे धरणे ही ऐकणाऱ्याची चूक.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ‘म्हणजे आमची आवड खोटी? कर आणि परवान्यांनी लादलेली?’ मी तसे म्हणत नाही. आकडा कराने ठरवला म्हणून त्याच्याभोवतीचे कौशल्य खोटे ठरत नाही. बंधनातच इंजिनियर चतुर होतो. ऑस्टिन सेव्हन आणि मिनी ही बंधनाचीच लेकरे. चाळीस वर्षे एकच इंजिन वापरल्याने मुंबईतल्या मिस्त्रींनी फियाटच्या टॅपेटचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह ढिला हे सांगण्यापर्यंत मजल मारली. ही विद्या खरी आहे. तिच्यावरचे प्रेमही खरे. फक्त ते प्रेम १०८९ या संख्येवर नाही. त्या इंजिनावर जमा झालेल्या माणसांच्या ज्ञानावर आहे. १२२१ चे इंजिन कुर्ल्याला आले असते तर हेच ज्ञान १२२१ वर जमले असते आणि आज आपण तितक्याच ठामपणे सांगितले असते की बाराशेलाच खरी मजा.

शेवटचा आक्षेप: ‘ही सगळी जुनी गोष्ट. आता बाजार खुला आहे, आता तरी आकडा गिऱ्हाइकाच्या आवडीने ठरतो.’ नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलला १२००, डिझेलला १५०० सीसीच्या आतल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. २०१० मध्ये मारुती स्विफ्टचे पेट्रोल इंजिन १२९८ वरून ११९७ सीसीवर उतरले. १०१ सीसी गेले. ताकद ८७ वरून ८५ हॉर्सपॉवर. गिऱ्हाइकांनी नवे इंजिन आनंदाने घेतले, आणि ११९७, ११९८, ११९९ हे आकडे आपल्या रस्त्यांवर इतके दाटले आहेत की जपानी, कोरियन आणि देशी कंपन्यांचे इंजिनियर एकाच वेळी एकाच साक्षात्काराला पोचले असावेत असे वाटावे. यांतल्या काही गाड्या तीस-चाळीस वर्षांनी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात पॉलिश होऊन उभ्या राहतील. मालक सांगतील, बाराशेच्या आतच खरी मजा होती. त्यांनी निदान तेव्हा अर्थ मंत्रालयाचे नाव घ्यावे.